कडूबाच्या गाडीचे लाल तेल

कडूबा हे नाव कोणी हौसेने ठेवत नाही. ते भीतीने ठेवलेले नाव असते. ज्या घरात पाळणा हलतो आणि थांबतो, पुन्हा हलतो आणि पुन्हा थांबतो, त्या घरात पुढचे लेकरू जन्मले की आई म्हणते, याला गोड नाव नको गं बाई. गोड ते काळाच्या जिभेला लवकर लागते. याला कडू म्हणा. काळाने तोंड लावलेच, तर थुंकून टाकावे. जांब समर्थ गावाच्या अंगाला, घनसावंगीच्या काळ्या रानात, असे कितीतरी कडूबा नांदतात. त्यांना हाक मारली की हाकेआधी त्यांच्या आईचे भय ऐकू येते, आणि त्या भयाच्या तळाशी असते तिची माया. भय आणि माया ही एकाच कुशीची लेकरे, हे ज्याला उमगले त्याला या कडूबाची गोष्ट सांगायला फार शब्द लागायचे नाहीत.

काळाने या कडूबाला एकदा तोंड लावलेच होते. तो ऐन तरणा, मालाच्या ट्रकवर चालक. अंबडच्या रस्त्याकडेला गाडी जॅकवर चढवून तो खाली सरपटला होता. आदल्या रात्री पाऊस झालेला, खाली काळी माती. काळ्या मातीचा स्वभाव आपल्याला ठाऊक आहे. कोरडी असते तेव्हा दगड, ओली झाली की लोणी. जॅक हळूच कलला आणि म्हैस बसावी तसा ट्रक खाली बसला. लोक धावले, मोठ्या पहारी लागल्या, कडूबा बाहेर आला. डावा पाय गुडघ्याखाली तिथेच राहिला.

पाय गेला म्हणजे क्लच गेला. क्लच गेला म्हणजे धंदा गेला. दोन वर्षे हा माणूस ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ओळखत राहिला. मग कुठल्याशा बंद पडलेल्या प्रकल्पाच्या लिलावात एक जुनी परदेशी गाडी निघाली. पिकअपपेक्षा थोरली, ट्रकपेक्षा धाकटी. तिला क्लचच नव्हता. गिअर ती आपले आपण बदलत असे. चालवणाऱ्याला एक उजवा पाय पुरे. त्याच्या बायकोने, उषाबाईने, दोन म्हशी विकल्या, एक ठेवली, आणि ती गाडी दारात आली. तेव्हापासून बागांतली मोसंबी जालन्याच्या मंडीत नेणारा कडूबा पुन्हा कडूबा झाला. गावाने गाडीचे नावही ठेवले होते. मुक्कामाला कुठे दिसली की पोरे म्हणत, "कडूबाचा पाय हितं उभा हाय."

असा हा पाय यंदा दुखू लागला.

मोसंबीने भरलेली गाडी चढाला लागली की इंजिन ओरडे आणि गाडी क्षणभर पुढे सरतच नसे. अर्धा श्वास जाई. मग आत काहीतरी पकडे आणि गाडी चालू लागे. तो अर्धा श्वास कडूबाच्या छातीत घर करून बसला. जेवताना घास हातात राही आणि कान गाडीकडे. उषाबाई विचारी, "काय ऐकून राह्यले?" तो म्हणे, "काय न्हाई." ज्या भयाला नाव दिले नाही ते घरभर हिंडते, तसे ते हिंडत होते.

अखेर तो अंबडला अजमत मिस्त्रीकडे गेला. अजमतने गाडीची नाडी वर्षानुवर्षे पाहिलेली. गिअरच्या तेलाचे गेज, म्हणजे तेल पाहायची ती लांब लवचीक पट्टी, कडूबाने स्वतः कधी उपसलेली नव्हती. तिथे हात लावायचा तो अजमतनेच. त्याने पट्टी ओढली, पांढऱ्या फडक्याला पुसली आणि फडके नाकाशी नेले. तेल मुळात कुंकवासारखे लाल असायचे. फडक्यावर उमटला तो काढ्यासारखा तपकिरी डाग.

"जळून राह्यलं, कडूबाभाऊ," अजमत म्हणाला. "असंच चालवलं तर पावसाळ्याआधी बसंल."

"मंग बदलून टाका."

"बदललं तर एक तर बरी होईल, न्हाई तर त्याच दिवशी बसंल."

"त्याच दिवशी? हे काय औषध हाय का जहर?"

"जुन्या तेलात गाळ असतो ना, त्याच्याच पकडीवर आतल्या प्लेटा चालून राह्यल्या असतात. नवं तेल सगळं धुवून नेतं. बुड्ढा माणूस खोकल्यावर जगतो भाऊ. खोकला बंद केला की कधी कधी बुड्ढा बी बंद." तो हसला, पण कडूबा हसला नाही हे पाहून त्याने हसू गिळले.

"तुमीच करा, अजमतभाई. तुमच्या हाताला यश हाय."

अजमतने फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मी न्हाई हात लावणार. त्या दिवशीचा जॅक माझ्याच दुकानातला व्हता. तू कधी बोलला न्हाई, म्हणून मी बी बोललो न्हाई. पण तुझा दुसरा पाय बी माझ्याच हातानं गेला तर मी घरवालीला, सरदारबीला काय तोंड दाखवू? ती आजबी नमाजाला बसली की तुझं नाव घेते. सामान देतो. बराबर समजावून सांगतो. हात तुझा लाव."

आणि त्याने सांगितले. खालचे चेंबर, म्हणजे तेलाचे भांडे, कसे खोलायचे, एका कोपऱ्याकडून तेल कसे सोडायचे, जाळी कशी बदलायची, पॅकिंग कसे बसवायचे. चेंबरच्या तळाशी चुंबक असतो. "त्याला काजळासारखा मऊ चिखल लागला असंल तर अल्लाचं नाव घे आन पुढं चल. तुकडे लागले असतील, तर चेंबर लाव आन मला फोन कर. मंग वरून नवं तेल टाक. गेज बघ. निशाणापर्यंत." सगळे सांगितले. एक सांगायचे राहिले, आणि ते राहिले हे दोघांनाही कळले नाही.

घरी आल्यावर कडूबाने सामान ओट्यावर ठेवले आणि दोन दिवस त्याला हात लावला नाही. तेल बदलावे तर गाडी जाईल, न बदलावे तरी गाडी जाईल. आणि त्याहून खोल, ज्याचा उच्चारही तो करीत नव्हता, ते हे की गाडीखाली जावे लागेल. त्या दिवसानंतर तो कुठल्याही गाडीखाली गेला नव्हता. पोरांचा चेंडू शोधायलाही कधी वाकला नव्हता.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, उषाबाई धार काढून आली आणि दुधाचे माप विसळता विसळता म्हणाली, "जॅक लावायचाच न्हाई."

"मंग खाली जाऊ कसा? देवळातल्या उंदरासारखा?"

"चारी कोरडी हाय. चारीच्या दोन अंगाला दोन-दोन चाकं. तुमी चारीत निजा. गाडी जिमिनीवर, तुमी जिमिनीखाली. पडायला तिला जागाच न्हाई."

दोन दिवस कडूबाने स्वतःला जे विचारले नव्हते त्याचे उत्तर तिने म्हशीच्या शेणामुतात उभे राहून शोधले होते. वावराला कालव्याचे पाणी आणणारी ती चारी घराच्या मागूनच जात होती आणि पुढे रस्त्याच्या चढाशी पाइपात शिरत होती. पाण्याचे आवर्तन अजून सुटायचे होते. कडूबाने गाडी सावकाश चारीवर घेतली, तोंड चढाकडे करून. इंजिन चांगले तापवून बंद केले. मग बांधावर बसून त्याने गुडघ्याखाली लावलेला नकली पाय काढला, चप्पल ठेवावी तसा बाजूला ठेवला आणि तोंडात रामाचे नाव धरून चारीत उतरला.

वर लोखंड. कानाशी माती. त्या मातीचा वास त्याला ओळखीचा होता. वर्षानुवर्षे विसरलेला तो वास नाकात शिरताच त्याचा श्वास अडला, आणि नसलेला डावा पाय गुडघ्याखाली असा ठणकला की तो ओरडला, "उषा!"

"हाय हितंच." तिने त्याच्या उजव्या पायाचा घोटा दोन्ही हातांनी धरला. "मी धरून हाय. काय झालं तर ओढून काढते."

"तू ओढणार मला?"

"रोज म्हैस ओढते. तुमी काय तिच्याहून जड?"

बंधूंनो, नामाचा आधार मोठा खरा. पण देव कधी कधी नाम होऊन ओठावर येतो आणि कधी दोन हात होऊन घोटा धरून बसतो. त्या हातांच्या भरवशावर कडूबाने पाना लावला. एकेक बोल्ट ढिला झाला. चेंबरचा कोपरा खाली झुकला आणि कोमट, तपकिरी, करपट वासाचे तेल घमेल्यात धारेने उतरले. थोडे त्याच्या मानेवर ओघळले. त्याला ते रक्तच वाटले, आणि डोळे मिटून धार संपेपर्यंत तो रामराम म्हणत राहिला.

घमेले बाहेर आले तसे उषाबाईने ते दुधाच्या मापाने कॅनमध्ये ओतायला घेतले. मापागणिक ती मातीत बोटाने एक रेघ ओढी. दूध घालणाऱ्या हाताची सवय, न मोजता तो काही ओतत नाही. इकडे कडूबाने चेंबर उतरवले. चुंबक तळाशी होता आणि त्यावर काळे काहीतरी साचलेले. त्याने बोट लावले नाही. कितीतरी वेळ लावले नाही. मग लावले. बोटावर आले ते मऊ. दोन बोटांत चोळले. तुकडा नाही, खडा नाही, कणी नाही.

"काजळ हाय," तो म्हणाला, आणि चारीत पडल्या पडल्या त्याच्या डोळ्यांतून पाणी कानात गेले.

जाळी नवी बसली, पॅकिंग बसले, बोल्ट आवळले गेले. कडूबा बाहेर आला, पाय चढवला, आणि बॉनेट उघडून नरसाळ्याने लाल तेल ओतू लागला. उषाबाई माप भरून देई आणि एकेक रेघ तळहाताने पुसे. शेवटची रेघ पुसली गेली तेव्हा ती म्हणाली, "झालं. जितकं काढलं तितकं गेलं."

कडूबाने आयुष्यात पहिल्यांदा ते गेज उपसले. इंजिनाचे तेल त्याने हजारदा पाहिले होते. इंजिन बंद करावे, थोडे थांबावे, मग पट्टी ओढावी. हीच जगाची रीत. त्याच रीतीने त्याने हेही पाहिले. तेल निशाणाच्या पार वर, दोन बोटे चढलेले.

"जास्त झालं," तो म्हणाला. "जास्त झालं तर फेस होतो म्हणतेत. सील फुटतंय."

"जास्त कसं होईल? माझं माप काय आज मोठं झालं?"

"पट्टी खोटं बोलंल का?"

"मंग माप खोटं बोलंल का?"

पण भय ज्याच्या मानेवर बसले आहे त्याला बायकोच्या मापापेक्षा लोखंडाची पट्टी खरी वाटते. डिझेल ओढतात तशी बारीक नळी घालून त्याने तोंडाने तेल ओढले, थुंकला, आणि पट्टीवर निशाणाइतके उरेपर्यंत तेल दुधाच्या किटलीत काढले. उषाबाईने किटलीतले तेल नजरेने मोजले. तिने मातीवर दोन रेघा पुन्हा ओढल्या आणि उठली.

मग कडूबा गाडीत बसला. किल्ली फिरवली. इंजिन लागले, गोड लागले. गिअरचा दांडा पुढच्या चालीवर ओढला आणि उजवा पाय हळूच दाबला.

गाडी हलली नाही.

आणखी दाबला. इंजिन ओरडले. आत कुठेतरी डास गुणगुणावा तसा बारीक आवाज. गाडी हलली नाही. दांडा मागच्या चालीवर घेतला. इंजिन ओरडले. गाडी मागेही हलली नाही. तो अर्धा श्वास, जो महिनाभर येऊन जात होता, तो आता आला आणि गेलाच नाही.

बुड्ढा बंद झाला, कडूबाच्या मनात आले. खोकल्यासकट.

त्याने अजमतला फोन लावला. वाजून वाजून थांबला. दुपारचे दोन वाजत आलेले, शुक्रवार, अजमत मशिदीत. पुन्हा लावला, पुन्हा थांबला. तेवढ्यात बांधावरून मच्छिंद्र पळत आला. शेजारच्या वावराचा धनी, मनाने निर्मळ, जिभेने खवचट.

"कडूबाभाऊ, गाडी काढा! पाणी सुटलं! पाटकऱ्यानं कालव्याचं दार उघडलं, वरल्या कल्याणच्या वावरापर्यंत आल्तं मी निघालो तवा!"

"आज? आवर्तन तर सोमवारी व्हतं ना?"

"मंग पाण्याला जाऊन सांगा, सोमवारी ये म्हणावं. आधी ती काढा. पाळी माझी हाय, माझी बाग करपून राह्यली."

"निघत न्हाई गाडी."

"निघत न्हाई म्हणजे?"

"न्हाई निघत."

मच्छिंद्रने चारीकडे पाहिले, चाकांकडे पाहिले. चारीचे दोन्ही काठ काळ्या मातीचे, आणि त्या काठांवर गाडीचा सारा भार. मग तो हळूच म्हणाला, "काठ भिजला तर बसंल की वो ही."

ते कडूबाला कोणी सांगायला नको होते. त्याने मागे वळून पाहिले. चारीच्या दूरच्या वळणाशी पाणी दिसले. पुढे वाळला पाला, काड्या आणि मळकट फेस लोटत, कोरडी माती चाटत ते येत होते. सापाची घाई नाही, सापाची खात्री मात्र होती. हीच माती. हेच पाणी. एकदा त्यांनी मिळून एक पाय नेला होता. आता दुसरा मागायला आली होती.

"इंजिन तरी बंद करा," मच्छिंद्र म्हणाला. "उगा कशाला जाळता?"

"न्हाई करणार." कडूबाचा आवाज फाटला. "बंद केली तर पुन्हा लागणारच न्हाई ती. मला म्हाईत हाय. न्हाई करणार बंद."

त्याला काहीच माहीत नव्हते. ते नुसते भय होते. मरणाऱ्याचा हात सोडवत नाही, तसे ते भय इंजिनाचा आवाज धरून बसले होते. तो चालत्या इंजिनानिशी खाली उतरला, धडपडत पुढे आला, आणि काय करावे हे न कळून, हातांना काहीतरी हवे म्हणून, त्याने ते गेज पुन्हा उपसले.

पट्टी कोरडी होती.

त्याने पुसली, घातली, उपसली. कोरडी. टोकाला एक थेंब तेवढा. मघाशी जी निशाणापर्यंत बुडाली होती, ती आता वैशाखातल्या नाल्यासारखी कोरडी ठणठणीत.

"उषा! तेल कुठं गेलं?"

मच्छिंद्र वाकून खाली पाहू लागला. "खाली तर थेंब बी न्हाई."

"मघाशी व्हतं. वरपर्यंत व्हतं. गेलं कुठं?"

उषाबाई जवळ आली. तिने पट्टीकडे पाहिले, धडधडणाऱ्या इंजिनाकडे पाहिले. मग वावराच्या टोकाला असलेल्या विहिरीकडे पाहत ती सावकाश म्हणाली, "मोटर चालू केली की हिरीचं पाणी खाली जातं ना वो? बंद केली की पाइपातलं उतरतंय, आन झिरपून पुन्हा वर येतंय."

कडूबाने पट्टीवरून मान वर केली.

"तुमी बंद मोटरीची हीर मोजली," ती म्हणाली. "आता इंजिन चालू हाय, तेल वर चढलंय, तर खरी दिसून राह्यली."

मच्छिंद्रने कपाळावर हात मारला, पण कोणाच्या नावाने मारला ते त्यालाही सांगता आले नसते. पाणी आता हाकेच्या अंतरावरच्या लिंबाच्या झाडापाशी होते. उषाबाईने किटली उचलून दिली. कडूबाने नरसाळे लावले; घाईत पहिला थेंब बाहेर गेला. मग तिने नरसाळे धरले आणि त्याने ओतले. सगळे ओतले. इंजिन चालू ठेवूनच पट्टी उपसली. निशाणापाशी, बरोबर निशाणापाशी, कुंकवासारखी लाल रेषा.

तो वर चढला. दांडा पुढच्या चालीवर घेतला. क्षणभर काही नाही. त्या क्षणात त्याची आई होती, तिचे थांबलेले पाळणे होते, अंबडचा रस्ता होता, ओट्यावरची दोन वर्षे होती.

मग गाडीने खालून एक हलका धक्का दिला, झोपेतल्या म्हशीने अंग हलवावे तसा. कडूबाने पाय दाबला. चाके फिरली. काठाची ढेकळे सुटून चारीत पडली, गाडी थोडी डावीकडे कलली, मच्छिंद्र ओरडला, "उजवीकडं, उजवीकडं घ्या!" आणि गाडी उजवीकडे आली, चढाला लागली, अडखळली नाही, थांबली नाही, अर्धाही श्वास तिने मागितला नाही. ती रस्त्यावर उभी राहिली तेव्हा पाणी तिच्या चाकांच्या खुणांत शिरत होते आणि काठाची माती पाहता पाहता काळी होऊन खचत होती.

"बरं झालं निघाली," मच्छिंद्र खाली बसत म्हणाला. "न्हाई तर माझ्या मोसंबीला तुमचं तेल पाजावं लागलं असतं, वैनी."

"मोसंबीला न्हाई, तुमच्या जिभेला पाजलं असतं," उषाबाई म्हणाली. "जरा मऊ झाली असती."

संध्याकाळी अजमतचा फोन आला. कडूबाने सगळे सांगितले.

"इंजिन चालू ठेवूनच बघायचं असतं, हे मी बोललो न्हाई?"

"न्हाई बोलले."

"या अल्ला. सगळं बोललो, तेवढंच राह्यलं. तुझ्या बाबतीत माझ्याकडून नेहमी काही तरी राहून जातं रे भाऊ."

"राहू द्या, अजमतभाई. गाडी हाय."

"सकाळी येतो. मी बघतो. माझ्या हातानं बघतो."

फोन ठेवला तरी अंगणात गाडीचे इंजिन चालूच होते. कडूबा गाडीतच बसून होता, हात किल्लीवर. रस्त्यावरून अंगणात येताना एकदाही गाडी अडखळली नव्हती, तरी तो हात फिरत नव्हता. उषाबाई दाराशी येऊन उभी राहिली. मापाला तेलाचा वास लागला होता म्हणून ती मच्छिंद्रच्या घरून दुसरे माप मागून आणून, धार काढून आली होती.

"बंद करा आता."

"सकाळी लागली न्हाई तर?"

"सकाळचं भेव सकाळी. बंद करा."

त्याने बंद केली. शांततेत चारीचे पाणी ऐकू आले. त्याला राहवले नाही. त्याने पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन लागले. बंद केले. थोडा थांबला, आणि पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा लागले. तेव्हा उषाबाईने आत हात घालून इंजिन बंद केले, किल्ली काढली, पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधली, आणि म्हणाली, "चला. जेवण निवून राह्यलं."